नळ उघडे, पाणी बंद

उत्तरेतल्या बर्फाळ ओशिनाई गावाच्या तिसऱ्या आळीतल्या बहुतेक फ्रिजवर एक पिवळा कागद चिकटवलेला असतो. ‘कडाक्याच्या थंडीत घरी व रस्त्यावर घ्यावयाची काळजी : सतरा सूचना.’ खाली जाड अक्षरांत लेखकाचं नाव आहे : ओबाता शिगेकाझू, सुरक्षा विभागप्रमुख, तिसरी आळी रहिवासी मंडळ. ओबाता नगर कार्यालयाच्या रस्ते विभागातून निवृत्त झाले, तेव्हा त्यांना काहीतरी पद देणं भागच होतं. सदतीस वर्षं शिक्के मारलेल्या माणसाला एकदम नुसता माणूस म्हणून घरी पाठवलं, तर त्याची प्रकृती बिघडते आणि त्याच्या आधी त्याच्या बायकोची.

कागदाने ओबातांची इभ्रत वाढली. सार्वजनिक स्नानगृहात गळ्यापर्यंत गरम पाण्यात बुडालेला माणूसही त्यांना विचारायचा, की रात्री गाडीचा हँडब्रेक ओढून ठेवावा का. ओबाता डोक्यावरचा ओला टॉवेल सारखा करत म्हणायचे, “क्रमांक सात बघा.” ओढू नये, गोठतो, एवढंच क्रमांक सातमध्ये होतं. ते तिथल्या तिथे सांगायला तेवढाच वेळ लागला असता, पण मग कागद कशासाठी काढला होता?

या इभ्रतीच्या तळाशी एक भोक होतं आणि ते आपल्याखेरीज कोणालाच ठाऊक नाही अशी ओबातांची समजूत होती. त्यांना पाणी उतरवता येत नव्हतं.

पाणी उतरवणं हे ओशिनाईत पोराटोरांना येतं. घर सोडून जायचं, घर तापवणारी चूल बंद करायची, तर नळांच्या पाइपात पाणी राहता कामा नये. राहिलं तर गोठतं, फुगतं आणि पाइप फुटतो. म्हणून जमिनीखालची चावी फिरवून पाइपातलं सगळं पाणी खाली उतरवून टाकायचं. ओबातांच्या घरी हे काम अडतीस वर्षं फुसाएबाई करत आल्या होत्या. त्या वेळी ओबाता अंगणात गाडी गरम करत, घड्याळाकडे बघत, “झालं का?” असं विचारण्याची जबाबदारी सांभाळत. तीही कोणीतरी सांभाळायलाच हवी होती.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी बाहेर उणे सत्तावीस होतं आणि फुसाएबाई घरी नव्हत्या. लेक चिनात्सु हिचे दिवस भरले होते, म्हणून त्या तीन दिवस आधीच असाहिकावा शहरात गेल्या होत्या. सातला त्यांचा फोन आला.

“अहो, बाळ आडवं आहे. आज दुपारी एकला शस्त्रक्रिया ठरली आहे. चिनात्सु विचारतेय, बाबा येतील ना?”

हा प्रश्न साधा नव्हता. चौतीस वर्षांपूर्वी चिनात्सु जन्मली तेव्हा तीन दिवस बर्फाचं वादळ चालू होतं आणि ओबाता बर्फ हटवण्याच्या कामावर कार्यालयातच मुक्कामाला होते. मुलीचं तोंड त्यांनी चौथ्या दिवशी पाहिलं. फुसाएबाई त्यावरून कधी भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त दर वाढदिवसाला केक कापताना म्हणत, “बाबांच्या हिशेबाने अजून तीन दिवस आहेत हं.” चिनात्सु हसायची, ओबाताही हसायचे, आणि त्यांना तो केक गोड लागायचा नाही.

“येतो म्हणजे काय,” ओबाता म्हणाले. “एकच्या आत येतो.”

“आणि निघताना पाणी उतरवून या.”

कसं, हे विचारायला ओबातांनी तोंड उघडलंही होतं. पण फोनमधून जावयाच्या आईचा खोकला ऐकू आला आणि त्यांनी तोंड मिटलं. व्याहीणबाईंच्या देखत सुरक्षा विभागप्रमुखाने हे विचारायचं म्हणजे फारच झालं.

मग आठवण झाली ती कागदाची. आपण लिहिलंय म्हणजे त्यात असणारच. ओबातांनी फ्रिजवरून कागद काढला, चष्मा लावला आणि सूचना क्रमांक चार वाचली. ‘घर रिकामे सोडण्यापूर्वी नेहमीच्या पद्धतीने पाणी उतरवावे.’

ओबातांनी ती तीनदा वाचली. नेहमीच्या पद्धतीने. हे कोणी लिहिलं, असा संतापाचा प्रश्न त्यांच्या मनात आला आणि उत्तर कागदाच्या तळाशी जाड अक्षरांत होतं. चार वर्षांपूर्वी फुसाएबाई मुळा चिरता चिरता सगळं सविस्तर सांगत होत्या; कागदावर जागा उरली नव्हती आणि कार्यालयात सदतीस वर्षं जो शब्दप्रयोग कामी आला तो ओबातांनी इथेही वापरला.

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हा एकच मार्ग उरला. ओबाता वही-पेन घेऊन शेजारच्या मुराओका आजींकडे गेले. मंडळातर्फे पाहणी चालू आहे, म्हणाले. आपल्याकडे पाणी कोणत्या पद्धतीने उतरवतात? आजींचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी आधी आत बोलावलं, चहा दिला, लोणचं दिलं, सुनेच्या तक्रारी सांगितल्या आणि मग भिंतीवरचं एक पांढरं बटण दाखवलं. मुलाने दोन वर्षांपूर्वी बसवून दिलं होतं. दाबलं की झालं. ओबातांनी वहीत ‘बटण’ असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

समोरचे साकुमा तीस वर्षं बर्फ ढकलायचं यंत्र चालवत आणि ओबातांच्या सहीशिवाय त्यांना डिझेल मिळत नसे. त्यामुळे ते ओबातांना अजून साहेब म्हणत, पण म्हणताना हसत.

“मी पाणी उतरवतच नाही साहेब,” साकुमा म्हणाले. “हिवाळ्यात घर सोडतंय कोण? माणसाने एप्रिलपर्यंत चुलीपासून हलू नये.” मग त्यांनी, कोणी विचारलेलं नसताना, आपल्या मेहुण्याची गोष्ट सांगितली. मेहुण्याने चावी अर्धवट फिरवली. चावी सैल राहिली. पाणी गुपचूप जमिनीखाली वाहत राहिलं आणि वसंतात बर्फ वितळला तेव्हा घराचा एक कोपरा वीतभर खचलेला. “सैल चावी म्हणजे घात,” साकुमा म्हणाले. कशी फिरवायची, हे मात्र त्या गोष्टीत नव्हतं.

राहता राहिला पाणीपुरवठा विभाग. ओबातांनी आवाज घोगरा करून ‘एक सामान्य नागरिक’ म्हणून फोन केला. सामान्य नागरिकाचे हाल काय असतात हे त्यांना त्या दिवशी प्रथम कळलं. आधी ग्राहक क्रमांक मागितला, मग हे खातं ते नव्हे म्हणून दुसरीकडे जोडलं, तिथून तिसरीकडे, आणि तिसरीकडे निघाला निशिदा. हा ओबातांच्याच हाताखाली नोकरीला लागला होता. त्याने अदबीने ऐकून घेतलं, कागदाची सळसळ झाली आणि निशिदा स्वच्छ आवाजात वाचू लागला, “घर रिकामे सोडण्यापूर्वी नेहमीच्या पद्धतीने…”

ओबातांनी डोळे मिटले.

“हे आमच्या एका निवृत्त साहेबांनी लिहिलंय,” निशिदा पुढे म्हणाला. “फार काटेकोर माणूस. शंका राहिली तर थेट त्यांनाच विचारा, नंबर देतो.” आणि त्याने नंबर दिला. ओबातांनी तो वहीत उतरवून घेतला. मग परत वाचून दाखवला. फोन ठेवल्यावर बराच वेळ ते त्या नंबराकडे बघत बसले. घरी कोणी उचललं नसतं, हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

नऊ वाजून गेले होते. ओबातांनी स्वयंपाकघरातली जमिनीतली झडप उचलली. आत चावीची आडवी मूठ होती. एका बाजूला ती फिरेना, म्हणून त्यांनी दुसऱ्या बाजूला फिरवली. ती फिरली, फिरत गेली आणि थांबली. मग फुसाएबाई अशा वेळी सगळ्या घरातून फिरत असत एवढं त्यांना आठवलं, म्हणून तेही फिरले आणि फिरता फिरता दिसेल तो नळ उघडत गेले. प्रत्येक नळाने एक दीर्घ घोट घेतल्यासारखा आवाज केला आणि गप्प झाला. ओबाता चकितच झाले. आलं की आपल्याला. त्यांनी चूल बंद केली, ओट्यावर मोरीच्या काठाशी ठेवलेल्या कागदाकडे एक नमस्कारवजा नजर टाकली आणि निघाले.

गाडीत सूचना क्रमांक अकराप्रमाणे बारा वस्तू भरायला अर्धा तास गेला. फावडं, घोंगडी, मेणबत्ती, भाताचे गोळे, दोरखंड वगैरे. साकुमा खिडकीतून बघत होते, त्यामुळे एकही वस्तू गाळता आली नाही. काचेवर चिकटू नये म्हणून रात्रभर उभे ठेवलेले वायपर खाली पाडून ओबाता दहाला दहा कमी असताना रस्त्याला लागले. एकशे दहा किलोमीटर. वेळ भरपूर होता.

तीस किलोमीटरपर्यंत ते सुखात होते. मग मेहुणा आठवला.

चावी थांबली होती हे खरं, पण थांबली होती की आपण थांबवली होती? पाणी बंद करायचं म्हणजे ते उतरायची वाट उघडायची. मग चावी बंद केली, तर उघडलं काय? आणि उघडली, तर बंद काय झालं? हा विचार नीट मांडून पाहावा म्हणून त्यांनी गाडी एका दुकानापाशी थांबवली. मांडून पाहिल्यावर तो आणखी बिघडला. आपल्या घराचा एक कोपरा खचतोय असं त्यांना स्वच्छ दिसू लागलं. त्यांनी मुराओका आजींना फोन लावला. किल्ली दाराबाहेरच्या दुधाच्या पेटीत आहे, जरा आत जाऊन पाण्याची चावी तेवढी बघा.

आजी पाच मिनिटांत तिथून बोलू लागल्या. बटण कुठे आहे, असं त्यांनी आधी विचारलं. बटण नाही, मूठ आहे, झडपेखाली.

“सापडली. एका बाजूला हलत नाही. दुसऱ्या बाजूला सहज फिरतेय हो.”

“सहज फिरतेय?” ओबाता ओरडलेच. “म्हणजे सैल आहे. घट्ट होईपर्यंत फिरवा.”

आजींनी फिरवली. वयाच्या मानाने त्यांच्या हातात जोर होता. “झाली घट्ट,” त्या म्हणाल्या. आणि थोडं थांबून, “ओबातासान, नळांना पाणी येतंय. सगळ्याच. बंद करू का?”

“नको, नको. नळ उघडेच ठेवायचे असतात. ते पाणी उतरतंय.”

“उतरतंय? मला तर चढल्यासारखं दिसतंय.”

“आजी, नळांना हात लावू नका.”

“बरं बाई. कागद तुम्ही लिहिलाय, तुम्हालाच ठाऊक,” आजी म्हणाल्या, दार ओढून घेतलं आणि घरी गेल्या. ओबातांनी निःश्वास सोडला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण ज्याने हात दाखवलेला असतो त्याला अवलक्षण दिसायला थोडा वेळ लागतो.

ओबातांना ते पन्नासाव्या किलोमीटरपर्यंतही दिसलं नव्हतं. आणि तिथे बाकीचंही काही दिसेनासं झालं. वारा आडवा सुटला, शेतातला बर्फाचा भुगा उठला आणि रस्ता, आभाळ, पुढच्या गाडीचा लाल दिवा सगळं एकच पांढरं झालं. गाड्या थांबल्या. पुढे कुठेतरी एक ट्रक आडवा झाला होता. सव्वा अकरा वाजले होते.

इथे एक गोष्ट ओबातांच्या बाजूने सांगितली पाहिजे. घरात ते गोंधळतात, पण रस्त्यावर नाही. सदतीस वर्षं त्यांनी या रस्त्याचे हिवाळे पाहिले होते. पाच मिनिटांत ते फावडं घेऊन खाली उतरले आणि गाडीच्या धुराच्या नळीमागचा बर्फ उपसू लागले, कारण ती बुजली की धूर गाडीतच शिरतो, त्यातल्या विषारी वायूला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. आपली झाल्यावर त्यांनी पुढची नळी मोकळी केली, मग मागची. मागच्या गाडीत दूध संघातल्या एक बाई होत्या, काचा घट्ट लावून, डोकं मागे टेकून. ओबातांनी काच ठोठावली. बाईंनी डोळे उघडले, पण उत्तर दिलं नाही. ओबातांनी दार खेचून उघडलं, इंजिन बंद केलं, बाईंना बाहेर वाऱ्यात उभं केलं. बाई तिथेच ओकल्या, मग रडल्या, मग डोकं फार दुखत होतं असं म्हणाल्या. ओबातांनी त्यांना आपल्या गाडीत घोंगडीत गुंडाळून बसवलं, काच बोटभर खाली ठेवली आणि पुढच्या गाडीवाल्याकडून मदतगाडी मागवायला फोन करवला. हे सगळं करताना त्यांना क्रमांक एकदाही आठवला नाही.

ते गाडीत येऊन बसतात तोच फोन वाजला. बारा वाजले होते. मुराओका आजी.

“ओबातासान, तुमच्या दाराखालून पाणी बाहेर येतंय. पायऱ्यांवर येऊन गोठतंय. साकुमासान घसरले.”

मागून साकुमांचा आवाज आला आणि फोन त्यांच्या हातात गेला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण ही म्हण इथे पुरती लागू पडली नाही, कारण साकुमांच्या सांगण्यावरून पाषाण कुठेच कोरडा नव्हता. मोरीच्या तोंडावर काहीतरी अडकलं होतं, तिथून पाणी भरून ओट्यावर, ओट्यावरून जमिनीवर, जमिनीवरून दारापर्यंत आलं होतं आणि दार चौकटीला गोठून बसलं होतं. साकुमा न्हाणीघराच्या खिडकीतून आत शिरले होते. सपाता जमिनीला चिकटल्या होत्या.

“मोरीत काय अडकलंय बघितलं का?” ओबातांनी विचारलं.

“पिवळा कागद आहे साहेब.”

दूध संघाच्या बाई घोंगडीतून त्यांच्याकडे बघत होत्या.

“आता मला एवढंच सांगा,” साकुमा म्हणाले, “तुम्ही कुठल्या बाजूला फिरवली होती? सगळं उलटसुलट झालंय. मला आधीची परिस्थिती कळली तर काही करता येईल.”

“मला माहीत नाही.”

“आठवून बघा.”

“आठवत नाही असं नाही साकुमासान. मला पाणी उतरवता येतच नाही. कधी आलंच नाही. ते फुसाए करते.”

पलीकडे पाण्याचा आवाज येत होता. ओबातांना वाटलं, आता आळीभर होईल, मंडळातून जाईल, स्नानगृहात पोचेल. त्यांचे कान गरम झाले. उणे सत्तावीसमध्ये तेवढाच काय तो भाग गरम होता.

“ते आहेच माहीत,” साकुमा म्हणाले.

“कोणाला?”

“आळीला. फुसाएसान जाताना सांगून गेल्या, ते पाहणी करायला येतील, त्यांना वाईट वाटेल असं काही बोलू नका, ते गेले की तेवढं बघून घ्या. मी बघायला जेवल्यावर जाणारच होतो. तुम्ही मध्ये आजींना का घातलंत?” मग ते जरा चाचरले. “आता बघा, पाणी मी थांबवतो. पण आत चूल नाही, भिंतीतले पाइप भिजलेत. तुम्ही परत येणार असाल तर आत्ताच या. रात्रीपर्यंत काय फुटेल सांगता येत नाही. घर तुमचं आहे.”

मागे फिरायचा रस्ता मोकळा होता, पुढचा नव्हता. ओबातांनी आरशात पाहिलं. परत गेलं तर दीड तासात घरी, हातात काम, डोक्यावर पद. सदतीस वर्षं ते असंच करत आले होते. जिथे बर्फ तिथे ओबाता. घड्याळात सव्वा बारा झाले होते आणि असाहिकावात एका खोलीत त्यांची मुलगी दाराकडे बघत असणार होती.

“फुटू दे,” ओबाता म्हणाले.

“काय म्हणालात?”

“फुटलं तर फुटू दे, साकुमासान. मला येत नाही तिथे येऊन मी काय करू? तुम्हाला जमेल तेवढं करा, हात जोडतो. मी मुलीकडे चाललोय.”

मदतगाडी आली, दूध संघाच्या बाईंना घेऊन गेली. ट्रक हटायला एक वाजून वीस मिनिटं झाली. ओबाता रुग्णालयात पोचले तेव्हा तीनला पंधरा मिनिटं कमी होती. बूट काढायचे की नाही हे न कळून त्यांनी एकच काढला आणि तसेच तिसऱ्या मजल्यावर गेले.

फुसाएबाई खोलीच्या दारात उभ्या होत्या. “मुलगी झाली,” त्या म्हणाल्या. “दीड वाजता. दोघी ठीक आहेत.”

“मला उशीर झाला.”

“सव्वा तास. मागच्या खेपेपेक्षा पुष्कळ बरा.”

आतून चिनात्सुचा दमलेला आवाज आला, बाबा आले का? फुसाएबाई आले म्हणाल्या आणि आवाज खाली करून विचारलं, साकुमांचा फोन आला होता, चावी तुम्ही मुळात फिरवली कशी? ओबातांनी सांगितलं. एका बाजूला फिरली नाही, म्हणून दुसऱ्या बाजूला, थांबेपर्यंत. मग नळ उघडले, ते गप्प झाले.

फुसाएबाईंनी हवेतच हाताने चावी फिरवून पाहिली. “अहो, मग ते बरोबर होतं.”

“बरोबर?”

“पाणी चालू होतं, म्हणजे चावी एका टोकाला होती. ती दुसऱ्याच टोकाला जाणार ना? चुकायची सोयच नाही त्यात. जन्मात पहिल्यांदा केलंत, एकदम बरोबर केलंत आणि मग फोन केलात.”

ओबाता बाकावर बसले. हे ऐकून आनंद व्हायला हवा होता की दुःख, ते त्यांना ठरवता येईना. घराचं जे झालं ते चुकल्यामुळे झालं नव्हतं, बरोबर आल्यावर झालं होतं, आणि याचं काय करायचं ते कोणत्याच सूचनेत बसत नव्हतं. ते एक बूट काढलेला पाय बघत राहिले.

तेवढ्यात परिचारिका बाळाला घेऊन आली आणि आजोबा हेच का, असं विचारून तिने ते गाठोडं त्यांच्यासमोर धरलं. ओबाता उठले. दोन्ही हात पुढे केले, मग एक मागे घेतला, मग तळवे उलटे केले. जावई बघत होता, व्याहीणबाई बघत होत्या, आत पलंगावरून चिनात्सु मान उचलून बघत होती. चिनात्सु एवढी असताना ते चौथ्या दिवशी आले होते आणि तोवर तिला धरणारे हात पुष्कळ झाले होते. त्यांच्यावर वेळच आली नव्हती.

“मला येत नाही,” ओबाता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “फुसाए, दाखव.”

फुसाएबाईंनी त्यांचा डावा हात कोपरात वाकवला, उजवा त्याखाली आणला, मानेखाली कुठे आधार द्यायचा ते बोटाने दाबून दाखवलं आणि बाळ ठेवलं. मग आपला हात काढून घेऊ लागल्या.

“थांब,” ओबाता म्हणाले. “पुन्हा एकदा पहिल्यापासून सांग.”